पिंप क्रमांक चारशे अकरा

मी दारू पीत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाच्या भुवया वर जायला नकोत. तेवीस वर्षं मी दारूच्याच टेबलावर बसले. पण पेला नाकाखाली धरायचा, घोटभर तोंडात फिरवायचा आणि शेजारच्या डब्यात थुंकायचा, एवढाच माझा तिच्याशी संबंध. सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांची समजूत होती की आपला मुलगा औषधांच्या कंपनीत आहे. आम्ही दोघांनी मिळून ते खोटं शेवटपर्यंत निभावलं. नवरा-बायकोचं बाकी कशावर एकमत असो नसो, त्यावर होतं.

हे, म्हणजे माझा नवरा, विदेशी मद्याच्या एका मोठ्या दुकानात चव बघायचं काम करायचे. त्या दुकानाचा एक क्लब आहे, चाळीसेक सभासदांचा. दर वर्षी हे सगळे मिळून स्कॉटलंडहून व्हिस्कीचं एक अख्खं पिंप मागवतात. एकच पिंप, त्यात दुसऱ्या पिंपाचा थेंब नाही. दुकानात मिळते त्या नेहमीच्या बाटलीत शेकडो पिंपं एकत्र केलेली असतात, म्हणून ती आज घ्या, दहा वर्षांनी घ्या, चव तीच. एका पिंपाचं तसं नसतं. एकाच भट्टीतून एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं वीस वर्षं शेजारीशेजारी ठेवली, तरी एक लाघवी निघतं आणि दुसरं खडूस. सख्ख्या भावांचं असतं तसंच. त्यातून निघतात अडीचशे-तीनशे बाटल्या, आणि संपल्या की संपल्या. पुन्हा तशी व्हिस्की जगात कुठेच नाही. म्हणून पिंप निवडणाऱ्या माणसाला भाव फार.

तिकडून नमुन्याच्या बोटभर बाटल्या यायच्या आणि हे वास घेऊन सांगायचे, हे पिंप घ्या, हे सोडा. सभासद यांना नाकसाहेब म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. यांनाही ते आवडायचं, नाही असं नाही.

माझं काम लिहायचं. कारण यांना वास कळायचा, पण शब्द म्हटलं की आनंदच. पेला नाकाशी धरून दोन मिनिटं डोळे मिटून बसणार आणि मग म्हणणार, "हं. मावशीचं कपाट." झालं! आता हे चाळीस लोकांना काय सांगायचं? यांची मावशी कोण, तिचं कपाट कुठलं? मग मी पेला घ्यायची, वास घ्यायची आणि लिहायची: जुनं लाकूड, लोकरीचे कपडे, तळाशी डांबराची गोळी. "हेच ना?" असं विचारलं की हे मान हलवायचे, "हेच म्हणालो की मी." माझं ते लिखाण छापून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात कार्ड अडकवायचे, खाली यांची सही. लोक बाटली संपली तरी कार्ड जपून ठेवायचे. एका सभासदाने तर भिंतीवर लावलीयत म्हणे. माझं नाव कुठे नसायचं. मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हणणार होते, पण आता खोटं कशाला बोलू? थोडं वाटायचं.

हे गेले त्याला चार महिने झाले. मी तेव्हा गावी नव्हते. ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्याकडे गेले होते. हे शुक्रवारी दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले ते बसलेच. संध्याकाळी शेजारणीने दार ठोठावलं, उघडेना म्हणून किल्ली आणली. हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. सगळेच डॉक्टर असं म्हणतात.

आणि मला काहीच झालं नाही. म्हणजे खरंच काही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपण गाल दाबून बघतो आणि तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं वाटतं, तसं डोक्यापासून पायापर्यंत झालं होतं. लोक येत होते, मी पाणी देत होते. कागदपत्रं होती, सह्या होत्या, बँकेत खेपा होत्या, सगळं वेळच्या वेळी केलं. "धीराची आहे हो," असं माझ्या पाठीमागे बोललेलं मला ऐकू यायचं. धीर कसला डोंबलाचा! सकाळी उठून दात घासायचे, रात्री दिवा घालवायचा, मधल्या वेळात कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. ताई फोनवर म्हणायची, "अगं, रड एकदाची, मोकळी हो." मी म्हटलं, "रडू येत नाही तर काय कांदे चिरत बसू?" तिलाच रडू फुटलं. म्हटलं, चला, घरात कोणीतरी रडलं.

मागच्या सोमवारी दुकानाच्या मालकांचा फोन आला. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी.

"वहिनी, त्यांनी निवडलेलं शेवटचं पिंप अजून पक्कं करायचं राहिलंय. तिकडचा माणूस शुक्रवारपर्यंतच थांबतोय. तुम्ही एकदा येऊन वास घ्या, कागदावर सही करा. कार्डावर काय छापायचं तेही ठरवू. सभासदांची इच्छा आहे की बाटलीवर त्यांचं नाव घालावं."

"माझी सही कशाला?"

"या तर खरं. उद्या अकराला."

गेले. नाही म्हणायलाही काही लागतं, तेवढंही माझ्यात नव्हतं.

दुकानाच्या वर, मागच्या बाजूला ती खोली आहे. खोली कसली, पांढरं टेबल, चार खुर्च्या आणि एक बेसिन. भिंतीवर चित्र नाही, फुलदाणी नाही. अकराची वेळ यांनीच ठरवलेली. नाश्ता जिरलेला असतो आणि भूक लागायला लागलेली असते, तेव्हा नाक सगळ्यात तल्लख असतं म्हणे. त्या खोलीत यायचं तर अत्तर लावायचं नाही, सकाळी कच्चा कांदा खायचा नाही, केसांना वासाचं तेल नाही. पेले नुसत्या गरम पाण्याने धुवायचे, साबण लावला तर यांचा चेहरा बघवायचा नाही. एकदा एका सभासदाने हात धुताना गुलाबाचा साबण वापरला, तर त्याला यांनी खुर्चीसकट दाराजवळ सरकवलं होतं. मला त्या दिवशी त्याची कीव आली होती.

मालक होते आणि सभासदांपैकी दातांचे डॉक्टर होते. हे डॉक्टर क्लबात सगळ्यात जुने. आमच्या यांच्यावर त्यांची फार भक्ती.

"या वहिनी," डॉक्टर उठून उभे राहिले. "नाकसाहेबांच्या खुर्चीत बसा."

"माझी आहे ती खुर्ची बरी आहे," मी म्हटलं आणि डावीकडे, मी नोंदी लिहायची त्या वहीच्या बाजूला बसले. सवय.

टेबलावर नमुन्याची बाटली होती. चिकटपट्टीवर आकडा, ४११. शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या रिकाम्या पिंपात मुरलेली, एकोणीस वर्षांची व्हिस्की. रंग बघितला आणि मनात म्हटलं, अरे वा. गडद, तांबूस, पॉलिश केलेल्या टेबलासारखा. मालकांनी तीन पेल्यांत बोटभर बोटभर ओतली. पेला तिरका केला तर काचेवरून सावकाश, जाड ओघळ उतरत होते. हे असते तर म्हणाले असते, "अंगाने भरलीय." दिसायला सुरेखच होती.

"आधी त्यांची नोंद वाचू," मालक म्हणाले. "म्हणजे त्यांच्याच शब्दांत सुरुवात होईल." त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि देवळात उभं राहिल्यासारखा आवाज काढून वाचायला लागले.

"बऱ्याच दिवसांनी बंद घराचं दार उघडावं. आत मनुका, जुनी पुस्तकं, आणि कोणीतरी आत्ताच विझवलेली मेणबत्ती."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "काय माणूस होता!"

ते वाक्य माझं होतं.

सात वर्षांपूर्वी मी ते दुसऱ्याच एका पिंपासाठी लिहिलं होतं. चांगलं लक्षात आहे, कारण त्यावरून आमचं वाजलं होतं. हे म्हणाले होते, "बंद घरात मेणबत्ती कोण विझवणार? चोर?" मी म्हटलं, "असू दे चोर. वास तसाच आहे." दोन दिवस कुरकुरत होते, मग सही केली. तेच वाक्य, शब्दाला शब्द, स्वल्पविराम सुद्धा माझाच. फक्त अक्षर यांचं होतं. तेवीस वर्षांत त्या वहीत यांचं अक्षर मी पहिल्यांदा बघत होते. बुटकं, घाईघाईचं, ओळ वर चढत गेलेली.

मी पेला उचलला.

नाक काचेत जायच्या आधीच कळलं. आगपेटीची काडी. ओढून विझवलेली, एक नाही, डबीभर. त्याच्या मागे जळकं रबर, आणि खाली कुठेतरी नासलेल्या अंड्याची घाण. मनुका होत्या, नाही असं नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या बिचाऱ्या. हा दोष जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला. शेरीची पिंपं रिकामी झाली की ती खराब होऊ नयेत म्हणून आत गंधक जाळतात. ते जास्त झालं की लाकडात मुरतं आणि मग वीस वर्षं थांबा की चाळीस, व्हिस्कीतून जात नाही. हे तर असल्या पिंपांना हातभर लांबून ओळखायचे. नवशिक्यांना शिकवायचे, रंगावर भाळू नका, गंधकाची पिंपं दिसायला राजबिंडी असतात.

मी घोट घेतला. जिभेवर गोड, दाट, तेलकट. जीभ म्हणत होती छान आहे. नाकपुड्या चिमटीत धरून पुन्हा एक घोट घेतला. आणखी छान. वास वजा केला तर हे पिंप खरंच उत्तम होतं.

थुंकले आणि डबा बाजूला सरकवला. दोघं माझ्याकडे बघत होते.

"पाणी घालू का दोन थेंब?" मालकांनी विचारलं.

"घाला," मी म्हटलं. पाण्याने वास उघडतो. उघडला. आता सगळ्या खोलीत काड्या ओढल्यासारखं झालं.

मी वही मागून घेतली आणि मागची पानं उलटायला लागले. खरं तर बघायची गरज नव्हती. सगळं मला आपोआप दिसत होतं, एकामागून एक, आणि मी नुसती बसून बघत होते.

जायच्या दोन वर्षं आधी यांना ताप आला होता. पंधरा दिवस अंथरुणात. उठल्यावर महिनाभर म्हणत होते, सर्दी काही जात नाही. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत यांनी पेला माझ्यापुढे केला होता. "आधी तू बघ." मी म्हटलं होतं, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला? तेव्हापासून दर वेळी तेच. आधी तू बघ. मी म्हणायची, "दालचिनी आहे का हो?" हे डोळे मिटून मान हलवायचे, "दालचिनीच." मी म्हणायची, "मागे थोडा धूर." हे म्हणायचे, "तेच म्हणणार होतो." मला वाटलं वय झालं, माणूस मवाळ झाला, बायकोची किंमत कळली. किती मूर्ख असावं माणसाने!

आणि घरी. वीस वर्षं हा माणूस घास तोंडात घालायच्या आधी ताटाचा वास घ्यायचा. "तेल जुनं आहे." "जिरं करपलंय." "ही कोथिंबीर कालची." मी रडकुंडीला यायची. आणि शेवटची दोन वर्षं, ताट पुढे ठेवलं की, "छान झालंय." रोज. करपलं तरी छान, शिळं गरम केलं तरी छान. मी ताईला फोन करून सांगितलं होतं. तोंडभर हसत सांगितलं होतं, की अगं, हे आता नावं ठेवत नाहीत, उलट कौतुक करतात. ताई म्हणाली होती, नशीब काढलंस. एकदा दूध उतू जाऊन पार कोळसा झालं, जिन्यापर्यंत वास, आणि हे स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पेपर वाचत होते. मी भांडले, "नाक कुठे गहाण ठेवलंत?" हसले. नुसते हसले.

दोन वर्षं. एका छताखाली, एका टेबलावर. आणि या माणसाने मला सांगितलं नाही.

मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आला तो राग. म्हटलं, छापा! घाला त्याचं नाव, अडीचशे बाटल्यांवर घाला. चाळीस लोकांना झाकण उघडून जळकं रबर हुंगू दे. माझं काय जातंय? सही करून घरी जाते आणि झोपते.

"वहिनी," मालकांनी कागद पुढे सरकवला. वर पिंपाचा आकडा, खाली 'पसंत' आणि 'नापसंत' असे दोन चौकोन. "काही खटकतंय का?"

पेन हातात घेतलं. पसंतीच्या चौकोनावर टेकवलंही. पण त्या घाणीवर यांचं नाव जाणार, हे काही मला बघवेना. किती झालं तरी हे नाक तीस वर्षं खरं होतं. शेवटची दोन वर्षं सोडली, तर खरंच होतं.

"मला नाही आवडलं," मी म्हटलं.

डॉक्टर हसले, जरा दुःखीच. "वहिनी, आम्ही समजू शकतो. त्यांच्याशिवाय आता कुठलीच चव..."

"चवीचं नाही बोलत मी. गंधक आहे."

मालकांनी चष्मा सारखा केला. "थोडं तसं मलाही वाटलं होतं, खोटं नाही बोलत. पण त्यांनी घेतलं म्हटल्यावर मी म्हटलं, आपलंच नाक बिघडलं असणार. बाटली चार महिने अर्धी होती, हवा लागून तर नसेल ना झालं?"

ही पळवाट होती. आयती समोर ठेवलेली. हो म्हटलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. मी तोंड उघडलंही.

"म्हणजे मग चिंताच नाही," मालक पुढे म्हणाले. "नवा नमुना यायला तीन आठवडे लागतात, तेवढा वेळ नाही. पण बाटलीत हवा गेली तरी पिंप तर तिकडे ठीक आहे. त्यांच्या शब्दावर घेऊन टाकू. तुमच्या-माझ्या नाकाचं सोडा हो. नाकसाहेब म्हणाले घ्या, म्हणजे घ्या."

संपलं. म्हणजे यांच्या नाकावर जोवर या लोकांचा विश्वास आहे, तोवर हे पिंप येणार. आणि तो विश्वास मोडायचा तर मीच मोडायचा. नवरा जाऊन जेमतेम चार महिने झाले तोवर बायकोने चारचौघांत त्याचं नाक कापायचं. मी डॉक्टरांकडे बघितलं. भला माणूस. त्यांच्या दवाखान्यात यांचा फोटो लावलाय म्हणे.

"भाऊजी, यांना वास येत नव्हता," मी म्हटलं.

"कधी? हे पिंप निवडलं त्या दिवशी?"

"दोन वर्षं. तापानंतर गेला तो परत आलाच नाही. मला आत्ता कळलं, या खुर्चीत बसल्यावर. हे वाक्य सात वर्षांपूर्वीच्या कार्डावरचं आहे, घरी जाऊन बघा. यांना पाठ होतं, ते लिहून दिलं. रंग बघितला, जिभेला गोड लागलं, आणि लिहून दिलं."

डॉक्टरांनी पेला पुन्हा उचलला. हुंगला आणि सावकाश खाली ठेवला. "काडी," ते म्हणाले. "मला त्या दिवशीही आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"नाकसाहेब समोर बसले होते," डॉक्टर म्हणाले. "कसं बोलणार?"

त्या बैठकीला यांच्याशिवाय अकरा माणसं होती, वहीत नावं होती. अकराच्या अकरा नाकांना गंधक आलं असणार, आणि ज्याला येत नव्हतं त्याच्याकडे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. हसावं की काय करावं! मी नापसंतीच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. मालकांनी अडवलं नाही.

"मग मागची दोन पिंपं?" त्यांनी विचारलं. "ती तर अप्रतिम होती."

"ती मी बघितली. हे हो म्हणाले."

"आणि हे पिंप..."

"तेव्हा मी ताईकडे होते."

मालकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"म्हणून ते तसं म्हणाले," मालक म्हणाले.

"काय म्हणाले?"

"सगळे गेल्यावर जिन्यात माझ्यासाठी थांबले होते. म्हणाले, कागद पाठवू नका इतक्यात. ही उद्या येईल, तिला एकदा वास घेऊ दे. मी म्हटलं, अहो, तुम्ही घेतलात ना? तर म्हणाले, तिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. वहिनी, मी हसलो. मला वाटलं, म्हातारपणी बायकोचं कौतुक चाललंय. त्यांचा शब्द राहावा एवढ्यासाठी तुम्हाला आज बोलावलं, दुसरं काही नाही."

"कुठला वार होता?"

"बुधवार. शुक्रवारी तर ते..."

"माहितीय मला," मी म्हटलं.

बुधवारी रात्री यांचा फोन आला होता. मी ताईच्या घरी गॅलरीत बसले होते, पाय वर घेऊन. दहा दिवसांत कोणाचं ताट वाढलं नव्हतं, कोणाचं काही शोधून दिलं नव्हतं. हे म्हणाले, "उद्या येतेस ना?" मी म्हटलं, "छे, उद्या कसली? ताईला उठवत नाही अजून. रविवारी बघते." हे म्हणाले, "एक पिंप आहे. तू बघितलं असतंस तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "तुमचं नाक तुमच्याजवळ आहे ना? मग तुम्हीच बघा की. इथे माणूस पडलंय आणि तुम्हाला पिंपं सुचतायत." मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "अगं, मला जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "रविवारी बोला." आणि फोन ठेवला.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, विचारलं कोणीच नव्हतं. डॉक्टर खिडकीकडे बघत होते. मालक म्हणाले, "वहिनी, तुमच्या ताईचं ऑपरेशन झालं होतं. तुम्ही कशा येणार होतात?"

"ताई त्या दिवशी काठी घेऊन घरभर फिरत होती," मी म्हटलं. "मला चार दिवस स्वयंपाक करायचा नव्हता, एवढंच. मी गुरुवारी येऊ शकले असते."